अर्धशिशी आणि रजोनिवृत्ती : दोन संज्ञांचा व एका वेदनेचा इतिहास

१

वैद्यकातील संज्ञांचा इतिहास हा पुष्कळ अंशी वैद्यकाच्या ज्ञानाचाही इतिहास असतो. एखाद्या विकाराला नाव मिळते तेव्हा त्याची काही लक्षणे पुढे येतात व काही मागे पडतात, आणि पुढील पिढ्यांतील वैद्य त्या नावाने दाखविलेल्या बाजूनेच त्या विकाराकडे पाहू लागतात. 'अर्धशिशी' आणि 'रजोनिवृत्ती' या दोन संज्ञा या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. पहिली संज्ञा ज्या कल्पनेवर उभी आहे ती निदान अठराशे वर्षांची जुनी आहे. दुसरीची कल्पनाही प्राचीन आहे, मात्र तिला स्वतंत्र वैद्यकीय नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. या दोहोंचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारला गेला तो तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

प्रश्नाचे स्वरूप प्रथम स्पष्ट करणे अवश्य आहे. तारुण्यागमनापूर्वी मुलगे व मुली यांच्यात अर्धशिशीचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. त्यानंतर मात्र ते स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट होते. पुष्कळ स्त्रियांना ही व्यथा मासिक पाळीच्या सुमारास होते. चाळिशीच्या उत्तरार्धात पाळी अनियमित होऊ लागली म्हणजे अनेकींची अर्धशिशी वाढते, तिचे झटके अधिक वेळा येतात व त्यांचा काही नेम राहत नाही. पाळी कायमची थांबून काही वर्षे लोटली म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना उतार पडतो. तथापि सर्वांनाच पडतो असे नाही. म्हणजे ज्या घटनेला वैद्यक 'निवृत्ती' म्हणते तिच्या अलीकडे व्यथेचा जोर आणि पलीकडे शमन, असा हा क्रम आहे. हा क्रम इतका ठळक असूनही वैद्यकाला तो नीट मांडता येण्यास इतका विलंब का लागला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

२

अर्ध्या मस्तकाच्या वेदनेचे वर्णन ग्रीक वैद्यकात कॅपाडोशियाच्या अरेटियसने केले आहे. डोक्याच्या एका बाजूस होणारी वेदना, तिच्याबरोबर येणारी मळमळ, प्रकाश असह्य होणे व अंधारात बरे वाटणे ही लक्षणे त्याने नोंदली. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील गेलनने या व्यथेसाठी 'हेमिक्रानिया', म्हणजे 'अर्धकपाल', ही संज्ञा रूढ केली. लॅटिनमधून उतरताना या शब्दाचा आद्य अवयव झिजला आणि फ्रेंचमध्ये 'मिग्रेन' हे रूप सिद्ध झाले. मराठीत 'मायग्रेन' म्हणून आज वापरला जाणारा शब्द तो हाच. त्याच्या मूळ अर्थातील 'अर्ध' आता कोणाच्या कानास जाणवत नाही. इंग्रजीत याच शब्दाचे 'मेग्रिम' असे जुने रूप होते. त्याच्या अनेकवचनाला पुढे 'लहर', 'उदासीनता' असा अर्थ आला. रोगवाचक शब्द रोग्याच्या स्वभावावर ठपका ठेवणारा बनतो, याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

अरबी वैद्यकात या व्यथेस 'शकीका' म्हणतात. हा शब्द 'फुटणे, दुभंगणे' या अर्थाच्या धातूपासून बनलेला आहे व इब्न सीनाच्या 'कानून' या ग्रंथात तो येतो. संस्कृतातील 'अर्धावभेदक' या संज्ञेत अर्धाची व भेदाची अशा दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत सूर्यावर्त, अनंतवात व शंखक यांच्याबरोबर अर्धावभेदकाची गणना केली आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातही त्याचे विवेचन आहे. मराठी 'अर्धशिशी' हा शब्द 'अर्ध' आणि 'शीर्ष' यांपासून आलेला आहे. त्याचा पूर्वावयव तत्सम राहिला आहे, तर उत्तरावयव 'शीर्ष'–'सीस' या प्राकृत मार्गाने आला आहे. प्राकृतातील दन्त्य सकार इकारापुढे तालव्य होणे ही मराठीची नेहमीचीच प्रवृत्ती होय. हिंदीतील 'आधासीसी' व गुजरातीतील 'आधाशीशी' या रूपांत दोन्ही अवयव तद्भव आहेत. कन्नड भाषेतील 'अरेतलेनोवु' या शब्दाचाही अर्थ 'अर्धे डोके दुखणे' असाच होतो.

या सर्व नावांनी वेदनेचे स्थान सांगितले. काळाविषयीचे निरीक्षण नावात आले नाही, तरी वर्णनात आले. अर्धावभेदकाची वेदना पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उठते, असे सुश्रुतसंहिता सांगते. सूर्यावर्ताची वेदना सूर्याबरोबर चढते व सूर्याबरोबर उतरते. मराठी लोकसमजुतीत हे दोन रोग बहुधा एकत्र झाले आहेत. ऊन चढेल तशी अर्धशिशी चढते, असे खेड्यापाड्यांतून सांगितले जाते. व्यथेला आवर्तन आहे, ती ठरावीक चालीने परत येते, हे प्राचीनांच्या लक्षात आले होते यात संशय नाही.

परंतु हे आवर्तन कोणत्या घटनेशी निगडित आहे, याविषयी ग्रंथ मौन पाळतात. चरकसंहितेत अर्धावभेदकाची कारणे दिली आहेत ती अशी : रूक्ष अन्न, अतिभोजन, पूर्वेकडील वारा, दंव, मैथुन, वेगांचे धारण, श्रम आणि व्यायाम. त्यांत ऋतुकालाचा उल्लेख नाही व वयाचाही नाही. सुश्रुतसंहितेत या रोगाने पीडित होणाऱ्यासाठी 'जंतु', म्हणजे 'प्राणी', असा लिंगनिरपेक्ष शब्द योजलेला आहे. ज्या व्यथेने स्त्रिया अधिक पीडित असतात, तिचे शास्त्रीय वर्णन एका सामान्य मनुष्यदेहाचे वर्णन म्हणून झाले.

३

ऋतुस्रावाच्या समाप्तीचे ज्ञान त्या ग्रंथांना नव्हते असे मात्र नाही. रजःप्रवृत्ती बाराव्या वर्षी सुरू होते व पन्नासाव्या वर्षी, शरीर जरेने परिपक्व झाल्यावर, क्षय पावते, असे सुश्रुताने सांगितले. वाग्भटानेही अष्टांगहृदयात हीच मर्यादा दिली. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात बहुतेक स्त्रियांचा स्राव चाळिशीच्या सुमारास थांबतो व ज्यांचा पुढे चालू राहतो त्यांचा पन्नासाव्या वर्षापर्यंत राहतो, अशी नोंद आहे. या दोन्ही परंपरांनी या घटनेकडे जरेचा एक भाग म्हणून पाहिले. संस्कृत वैद्यकाने तिला रोगांच्या गणनेत बसविले नाही. या भूमिकेचा एक लाभ असा की नैसर्गिक अवस्थेला विकार ठरविण्याचा दोष तिच्यात नव्हता. हानी अशी की त्या संधिकालात स्त्रीला जे भोगावे लागते त्याला शास्त्रात जागाच राहिली नाही. शिरोरोग उत्तरतंत्रात आणि रजःक्षय शारीरस्थानात अशी दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या स्थानांत पडली व त्यांची गाठ पडण्याचा प्रसंग आला नाही.

युरोपात ही गाठ पडली, पण ती चुकीच्या सिद्धांताच्या आधारे. गेलनप्रणीत वैद्यकात मासिक स्राव हा देहातील अतिरिक्त रक्ताचा निचरा मानला जाई. हा निचरा थांबला म्हणजे साचलेले रक्त व त्याची बाष्पे वर चढतात आणि मस्तकात विकार उत्पन्न करतात, अशी उपपत्ती होती. सतराव्या शतकात लायडेन येथील वैद्यकाचे प्राध्यापक व्हान डर लिंडेन यांनी ब्रांडेनबुर्गच्या एका सरदारपत्नीच्या दर महिन्यास उठणाऱ्या अर्धशिशीचे वर्णन केले आणि तिला 'मासिक अर्धशिशी' असे नाव दिले. व्यथेचे स्थान व तिचा काल हे दोन्ही एका नावात आल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण म्हणता येईल. तथापि निरीक्षण नवे असले तरी उपपत्ती जुनीच राहिली, आणि उपपत्ती जुनी असल्यामुळे उपचारही रक्तमोक्षणाचे व जळवा लावण्याचेच राहिले.

४

पाळीच्या समाप्तीला स्वतंत्र संज्ञा देण्याचे श्रेय फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांच्याकडे जाते. इ. स. १८१६ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या 'संकटवया'विषयी उपदेशपर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि इ. स. १८२१ च्या ग्रंथाच्या शीर्षकात 'मेनोपॉज' ही संज्ञा योजली. 'महिना' आणि 'विराम' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा हा समास होय. त्यापूर्वी यासाठी 'क्लायमॅक्टेरिक' हा शब्द वापरात होता. त्याचा मूळ ग्रीक अर्थ 'शिडीची पायरी' असा असून सातच्या पटीत येणारी वर्षे आयुष्यातील अवघड पायऱ्या मानली जात. हा शब्द स्त्री व पुरुष दोघांनाही लागू होई. 'पायरी' या शब्दात एका अवस्थेतून दुसरीत चढण्या-उतरण्याची कल्पना आहे, तर 'विराम' या शब्दात केवळ थांबण्याची. गार्दान यांच्या शब्दाने जुन्या शब्दाला मागे सारले. तो अधिक नेमका होता, परंतु त्याने वैद्यकाची दृष्टी शेवटच्या बिंदूवर खिळवून ठेवली. मराठीतील 'रजोनिवृत्ती' हा शब्दही त्याच अर्थाचा वाहक आहे.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉन टिल्ट यांनी इ. स. १८५७ मध्ये या वयोवस्थेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पाचशे स्त्रियांच्या तक्रारींची कोष्टके हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्या कोष्टकांत डोकेदुखीची नोंद आहे. स्त्रीचे म्हणणे ऐकून घेऊन ते आकड्यांत मांडण्याचा हा प्रयत्न त्या काळी नवा होता. परंतु टिल्ट यांनी काढलेले निष्कर्ष मात्र रक्ताधिक्य व मज्जातंतूंचा क्षोभ या कल्पनांच्या पलीकडे गेले नाहीत. रेचके, गुंगी आणणारी औषधे व रक्त काढणे हेच त्यांचे उपाय होते.

यानंतरचे पाऊल शस्त्रक्रियेचे होते. इ. स. १८७२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी आणि जर्मनीत फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हेगार यांनी रोगट नसलेले अंडाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. पाळीशी निगडित असलेले दुःसह विकार व मज्जासंस्थेचे क्षोभ थांबवावयाचे असतील तर पाळीच कृत्रिम रीतीने थांबवावी, असा त्यामागील तर्क होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्या आणि पुढे त्यांवर वैद्यकीय जगातूनच कडक टीका झाली. 'विराम' हाच इष्ट शेवट असेल तर तो लवकर घडवून आणण्यात गैर काय, अशी ही विचारसरणी होती. अर्धशिशीच्या बाबतीत ती किती विपरीत होती हे कळण्यास आणखी शंभर वर्षे जावी लागली.

५

विसाव्या शतकात रक्ताच्या सिद्धांताची जागा संप्रेरकांच्या सिद्धांताने घेतली. इ. स. १९२३ मध्ये एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातील स्रावाच्या परिणामाची परीक्षा करण्याची पद्धती सिद्ध केली, आणि इ. स. १९२९ मध्ये डॉइझी व आडोल्फ बुटेनांट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळविले. या वर्गास पडलेले 'इस्ट्रोजेन' हे नाव ज्या ग्रीक शब्दापासून आले त्याचा अर्थ 'गुरांना चावणारी गोमाशी' व त्यावरून 'उन्माद' असा आहे. स्त्रीदेहाविषयीचे जुने पूर्वग्रह नव्या रसायनाच्या नावातही कसे टिकून राहिले, हे यावरून दिसते.

इ. स. १९४२ पासून अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन 'प्रेमरिन' या नावाने विकले जाऊ लागले. इ. स. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्या लोकप्रिय ग्रंथाने रजोनिवृत्ती हा उणिवेचा रोग आहे आणि संप्रेरक देऊन ती उणीव आजन्म भरून काढावी, असा प्रचार केला. इ. स. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे दाखविणारे अभ्यास प्रसिद्ध झाले. पुढे इ. स. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा संयुक्त संप्रेरकांचा भाग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. या घटनांमुळे संप्रेरकोपचाराविषयी एकदा अतिरेकी विश्वास व एकदा अतिरेकी भीती अशी आंदोलने झाली.

उणिवेचा सिद्धांत अर्धशिशीला लागू केला तर त्यातील विसंगती सहज ध्यानात येते. इस्ट्रोजेनची उणीव हेच कारण असते तर साठीच्या पुढे, ते अत्यल्प असताना, ही व्यथा कळसास पोहोचावयास हवी होती. प्रत्यक्षात त्या वयात बहुसंख्य स्त्रियांना उतार पडतो. गरोदरपणात, ते अत्यधिक असताना, विशेषतः शेवटच्या सहा महिन्यांत, अनेकींना बरे वाटते आणि बाळंतपणानंतर, ते एकाएकी खाली येते तेव्हा, व्यथा पुन्हा उठते. यावरून संप्रेरकाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या बदलाकडे पाहावयास हवे, हे सूचित होते.

ही सूचना प्रयोगाने पडताळली ती ऑस्ट्रेलियातील ब्रायन सॉमरव्हिल यांनी. ज्यांना पाळीच्या तोंडावर नियमाने अर्धशिशी होई अशा थोड्या स्त्रियांना त्यांनी पाळीपूर्वी प्रोजेस्टेरॉन दिले. पाळी लांबली; अर्धशिशी मात्र ठरल्या वेळी आली. इ. स. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात त्यांनी इस्ट्रॅडिओल टोचले. या वेळी पाळी ठरल्या वेळी आली आणि अर्धशिशी काही दिवस पुढे गेली. प्रयोग लहान होता, परंतु त्याचा तार्किक बांधा पक्का होता. रक्तस्राव आणि वेदना या दोन घटना त्याने एकमेकींपासून सोडवून दाखविल्या. पुढील कामात त्यांनी असेही दाखविले की केवळ क्षणिक चढ व उतार पुरेसा नसतो. इस्ट्रोजेन काही दिवस चढे राहून मग घसरले म्हणजेच झटका उद्भवतो. स्राव थांबल्याने रक्त डोक्यात चढते, ही दोन हजार वर्षांची समजूत येथे निराधार ठरली.

६

मस्तकाच्या बाजूनेही याच काळात संशोधन चालू होते. इ. स. १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग यांनी अर्धशिशी हे मज्जासंस्थेतील एक वादळ होय, असे प्रतिपादन केले. त्यानंतर हे मत मागे पडले व रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाचे मत प्रबळ झाले, इ. स. १९३८ मध्ये ग्रॅहॅम व वुल्फ यांनी एर्गोटामिनवर केलेल्या प्रयोगांनी त्याला बळ दिले. इ. स. १९४४ मध्ये लेआओ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने मेंदूच्या पृष्ठभागावर मंदगतीने पसरत जाणारी विद्युत्क्रियेची अवनती वर्णन केली. डोकेदुखीपूर्वी डोळ्यांपुढे ज्या चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात व ज्यांना 'ऑरा' म्हणतात, त्यांचे स्पष्टीकरण पुढे या शोधात सापडले. इ. स. १९९० मध्ये गोड्सबी व एड्विन्सन यांनी झटक्याच्या वेळी मानेतील शिरेच्या रक्तात 'सीजीआरपी' या पेप्टाइडचे प्रमाण वाढलेले असते, असे दाखविले. चेहरा व मेंदूची आवरणे यांस संवेदना पुरविणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूतून ते स्रवते. इ. स. १९९१ मध्ये सुमाट्रिप्टान उपलब्ध झाले व इ. स. २०१८ मध्ये सीजीआरपीच्या मार्गावर आघात करणाऱ्या प्रतिपिंड औषधांना प्रथम मान्यता मिळाली.

इस्ट्रोजेनचा परिणाम सिरोटोनिनवर व या त्रिशाखी मज्जातंतूच्या संवेदनक्षमतेवरही होतो. त्यामुळे अंडाशय आणि मस्तक या दोन प्रकरणांची गाठ येथे शास्त्रीय पायावर पडली. लिव्हिंग यांचे वादळ मेंदूतच उठते; ते केव्हा उठावे यावर मात्र संप्रेरकाच्या घसरणीचा प्रभाव असतो, असे आजच्या ज्ञानाच्या आधारे म्हणावयास हरकत नाही.

७

या भूमिकेवरून पाहता पाळी थांबण्यापूर्वीची चार-सहा वर्षे इतकी त्रासदायक का असतात, हे स्पष्ट होते. त्या काळात अंडाशयाचे कार्य समगतीने मंदावत जात नाही. कधी इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही वर चढते, कधी एकाएकी घसरते. पूर्वी महिन्यातून एकदा होणारा उतार आता अनेकदा व अनियमितपणे होतो. पाळी पूर्णपणे थांबल्यावर पातळी खाली येते खरी, पण ती स्थिर होते आणि त्या स्थैर्यात वेदना शमते.

हेच तत्त्व इ. स. १९९३ मध्ये इटलीत झालेल्या एका अभ्यासातून वेगळ्या रीतीने पुढे आले. निसर्गतः पाळी थांबलेल्या अर्धशिशीग्रस्त स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांना उतार पडला होता. शस्त्रक्रियेने अंडाशय काढून पाळी थांबविलेल्यांपैकी सुमारे तितक्याच प्रमाणात व्यथा वाढली होती. शेवट दोहोंचा एकच, परंतु तेथवर पोहोचण्याची वाट निराळी असल्याने फल उलटे आले. बॅटी व हेगार यांच्या तर्काला मिळालेले हे उत्तर होय.

उपचारावरही याचा परिणाम झाला आहे. अर्धशिशी असलेल्या स्त्रीला या वयात उष्णतेच्या लहरींसारख्या तक्रारींसाठी इस्ट्रोजेन द्यावयाचे झाल्यास रक्तातील पातळी स्थिर राहील अशा रीतीने, म्हणजे पोटात देण्यापेक्षा त्वचेवाटे व कमीत कमी मात्रेत देणे श्रेयस्कर मानले जाते.

निवृत्तीनंतरच्या काळाविषयी दोन गोष्टींची नोंद केली पाहिजे. इ. स. १९८० मध्ये सी. मिलर फिशर यांनी उतारवयात डोकेदुखीवाचून केवळ ऑराची लक्षणे प्रकट होण्याचे प्रकार वर्णन केले. वेदना गेली तरी तिचे पूर्वचिन्ह राहू शकते, आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील तात्पुरत्या अडथळ्याशी त्याची गल्लत होऊ शकते. दुसरी गोष्ट अशी की पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली डोकेदुखी अर्धशिशी म्हणून सोडून देता येत नाही. कानशिलाच्या रोहिणीचा दाह या वयाचाच रोग असून त्यात दृष्टी जाण्याचे भय असते. अर्धावभेदक फार वाढल्यास डोळा किंवा कान नष्ट करतो, असे चरकसंहितेत म्हटले आहे. त्या विधानाच्या मुळाशी असेच काही रुग्ण असतील, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु प्राचीन रोगनामाचे आधुनिक रोगाशी समीकरण मांडण्यास एवढा आधार पुरेसा नाही.

८

आता संज्ञांकडे पुन्हा वळावयास हवे. आधुनिक व्याख्येनुसार लागोपाठ बारा महिने पाळी आली नाही म्हणजे शेवटच्या पाळीस रजोनिवृत्ती म्हणावयाचे. म्हणजे ही संज्ञा घटना घडून वर्ष लोटल्यावरच वापरता येते. व्यथेचा जोर मात्र त्या बिंदूच्या अलीकडे असतो. ज्या काळात स्त्रीला निदानाची व धीराची सर्वांत अधिक गरज असते, त्या काळात तिच्या अवस्थेला हे नाव लावताच येत नाही. ही अडचण वैद्यकानेही ओळखली. इ. स. १९७६ मध्ये फ्रान्समधील ला ग्रांद-मोत येथे भरलेल्या रजोनिवृत्तीवरील पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संक्रमणाच्या संपूर्ण कालखंडासाठी 'क्लायमॅक्टेरिक' व शेवटच्या पाळीसाठी 'मेनोपॉज' असा भेद करण्यात आला. गार्दान यांच्या शब्दाने मागे सारलेली 'पायरी' दीडशे वर्षांनी परत आणावी लागली. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची पहिली आवृत्ती इ. स. १९८८ मध्ये निघाली, इ. स. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मासिक पाळीशी निगडित अर्धशिशीच्या कसोट्या परिशिष्टात देण्यात आल्या, आणि इ. स. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीतही त्या परिशिष्टातच आहेत. संक्रमणकाळातील अर्धशिशीला त्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव मिळालेले नाही.

मराठी बोलींत या अवस्थेविषयी जी भाषा आहे ती या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. स्त्रिया 'पाळी' म्हणतात. 'पाळी' म्हणजे क्रमाने येणारी खेप. या शब्दात आवर्तनाची कल्पना मूळचीच आहे. 'पाळी चुकणे', 'पाळी मागेपुढे होणे', 'पाळी जाणे' हे प्रयोग त्या आवर्तनाच्या मोडण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या सांगतात. 'रजोनिवृत्ती' ही संज्ञा शेवट सांगते. 'पाळी मागेपुढे होणे' हा साधा वाक्प्रयोग संक्रमण सांगतो. अर्धशिशीचे कारण ज्या चढउतारात आहे, त्याच्या अधिक जवळ हा दुसराच प्रयोग जातो. शिक्षित व्यवहारात संस्कृतोद्भव संज्ञा रूढ करताना बोलीतील हा बारकावा गमावला जाऊ नये.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही, हे महाराष्ट्रातील एका अलीकडील घटनेवरून ध्यानात येईल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाल्यावर इ. स. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळी करण्यात आलेल्या पाहणीत सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतील अनेक स्त्रिया तरुण होत्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले असतील तर संप्रेरकाची घसरण एका दिवसात होते, आणि अशा एकाएकी घडलेल्या निवृत्तीत अर्धशिशी वाढण्याची शक्यता अधिक, हे वर आलेच आहे. अंडाशय ठेवले असतील तर रक्तस्राव थांबतो, पण संप्रेरकांचे चढउतार चालूच राहतात. अशा स्त्रीच्या बाबतीत 'रज' निवृत्त झाले, परंतु रजोनिवृत्ती मात्र झालेली नाही. तिची डोकेदुखी पाळीच्या तालावर चालू राहते, आणि तो ताल ओळखण्याची एकमेव बाह्य खूण नाहीशी झालेली असते. 'पाळी गेली' एवढ्या उत्तरावर तिच्या व्यथेचा विचार थांबला, तर तिचे निदान होण्याचा मार्गच खुंटतो. येथे शब्दाची अपुरी व्याप्ती प्रत्यक्ष शरीराला भोवते.

सारांश, अर्धशिशी व रजोनिवृत्ती यांचा संबंध समजण्यास लागलेल्या विलंबाची कारणे दोन होत. प्राचीन शास्त्राने या दोन विषयांना ग्रंथाच्या भिन्न स्थानांत ठेवले. अर्वाचीन शास्त्राने त्यांना जवळ आणले, पण प्रथम साचलेल्या रक्ताच्या, मग त्याज्य अवयवाच्या व त्यानंतर उणिवेच्या कल्पनेने. या तिन्ही कल्पनांत लक्ष विरामावर होते. बदलावर लक्ष गेले ते प्रयोगाने, आणि स्त्रिया आपल्या दुखण्याचा जो काळवेळ सांगत आल्या होत्या, त्याच्याशी प्रयोगाचे फलित जुळले. म्हणून रुग्णवृत्त लिहिताना पाळी आहे किंवा नाही एवढेच न विचारता ती केव्हापासून मागेपुढे होऊ लागली, शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणते अवयव काढले आणि डोकेदुखी त्याआधी कोणत्या क्रमाने येत असे, हे विचारून लिहून ठेवणे अगत्याचे आहे. परिभाषाकारांनीही 'रजोनिवृत्ती'च्या शेजारी संक्रमणकाळासाठी सुबोध व सर्वमान्य मराठी संज्ञा निश्चित केली, तर या नोंदीस उपकारक होईल.